तारीख देण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कवीने कामाच्या नियोजनावर बोलावं, याचं काही श्रोत्यांना हसू येईल. येऊ दे. कवितेला मुदत नसते, ती आली तर आली. पण कवितेवर कुणाचं घर चाललेलं मी तरी पाहिलेलं नाही. बी. ए. झाल्यावर मी इचलकरंजीत एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो, पुढे स्वतःचं डीटीपीचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून लोकांच्या स्मरणिका, अहवाल, गौरवग्रंथ करून देतो आहे. मजकूर हातात घेण्यापासून बांधलेली प्रत हातात देईपर्यंत सगळं. दुसऱ्याचं काम, आपल्या हातांनी, ठरलेल्या पैशांत, ठरलेल्या तारखेला. शिंपी, सुतार, मंडपवाला, घर बांधणारा कंत्राटदार, आणि आता पुण्यात संगणकापुढे बसून परदेशातल्या कंपन्यांची कामं करणारी आमची मुलं, सगळे याच जातीचे. या कामाची आखणी कशी करावी हे सांगायला माझ्यापाशी शास्त्र नाही. एक फसलेलं काम आहे. तेच सांगतो.

आमच्या भागातल्या एका गावात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. गणित शिकवायचे. नाव सांगत नाही. सगळे त्यांना सर म्हणत, मीही तेच म्हणतो. २००६ साली त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. माजी विद्यार्थ्यांनी अमृतमहोत्सव समिती स्थापली आणि जूनमध्ये समितीचे चौघे माझ्या दुकानात आले. गौरवग्रंथ करायचा. चाळीस जणांचे लेख, अडीचशेच्या आत पानं, हजार प्रती, पुठ्ठा बांधणी. समारंभ रविवारी, २४ डिसेंबरला.

‘‘कधी देता, कविराज?’’ कार्याध्यक्षांनी विचारलं.

‘‘दिवाळीला पुस्तक तुमच्या हातात,’’ मी म्हणालो.

ही तारीख कुठून आली, हे मी पुढे स्वतःला अनेकदा विचारलं. ती हिशेबातून आली नव्हती. समोर चार मोठी माणसं बसली होती, चहा आला होता, आणि जरा अडखळलो तर काम दुसरीकडे जाईल ही भीती होती. ठामपणे उच्चारलेली तारीख ऐकणाऱ्याला बरी वाटते आणि बोलणाऱ्यालाही. त्यांनी दहा हजार रुपये विसार दिला. ते गेल्यावर मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आखणी केली: जुलैत मजकूर, ऑगस्टमध्ये जुळणी आणि प्रूफं, सप्टेंबरमध्ये छपाई, ऑक्टोबरमध्ये बांधणी. दिवाळीला पुस्तक, आणि वर दोन महिने शिल्लक. मला वाटलं, झालं नियोजन.

ऑगस्टअखेर चाळिसातले अकरा लेख आले होते. (ज्यांच्यापाशी सांगण्यासारखं सर्वांत कमी असतं ते सर्वांत आधी लिहून देतात, असा माझा अनुभव आहे.) काही कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेले, काही वेगळ्याच फाँटमध्ये. त्या काळात आमच्याकडे श्रीलिपी, दुसऱ्याकडे आकृती. युनिकोड आमच्या गल्लीपर्यंत पोचलं नव्हतं. फाइल उघडली की मराठीच्या जागी चौकटी आणि वेटोळी. अमेरिकेतल्या एका माजी विद्यार्थ्याने तर सबंध लेख इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवला. तो मी पुन्हा देवनागरीत टाइप केला. लेख चांगला होता, हे कबूल करायला हवं.

मग प्रूफं. समिती अकरा जणांची. कार्याध्यक्षांनी सगळ्या नावांपुढे ‘मा.’ घातलं, चिटणिसांनी ते सगळीकडून काढलं, खजिनदारांनी फक्त देणगीदारांपुढे ठेवलं. एका लेखात शाळेतल्या जुन्या भांडणाचा उल्लेख होता. तो ठेवायचा की गाळायचा यावर दोन तट पडले आणि तेवढ्यासाठी सबंध गठ्ठा कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला. मी रोजनिशी लिहितो म्हणून आकडा सांगू शकतो: पहिलं प्रूफ समितीकडे ४१ दिवस होतं. दुरुस्तीला मला लागले सहा.

ऑक्टोबर आला. दिवाळीच्या आधी ऑफसेटवाले दिवाळी अंकांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात, ते मला ठाऊक होतं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला आणि रमजान ईद २५ तारखेला. छापखाना दिवाळीला बंद, बांधणीची पोरं ईदला आपापल्या गावी. आता ईद कधी येणार हे माझ्याच घरात मला ठाऊक नसायला काय झालं होतं? पण कॅलेंडर भिंतीवर होतं आणि आखणी लग्नपत्रिकेच्या पाठीवर. दोघांची गाठच पडली नव्हती. त्यात भारनियमन. छपाईचं यंत्र ऐन रंगात यावं आणि वीज जावी.

नोव्हेंबरमध्ये समितीला वाटलं, छायाचित्रांचा विभाग हवा. बत्तीस पानं, आर्ट पेपरवर, रंगीत. मी म्हणालो, ‘‘हो हो, करू की.’’ या एका ‘हो’ची किंमत सांगतो. छायाचित्रं गोळा करणं, त्यांच्या ओळी लिहिणं, कोण कुठे उभं आहे यावर पुन्हा अकरा जणांची मतं. वेगळ्या प्लेट, वेगळा कागद. आणि सगळ्यांत हास्यास्पद गोष्ट अशी की, बत्तीस पानं वाढल्यावर पुस्तकाचा कणा दोन मिलिमीटरने जाड झाला. मुखपृष्ठाचं जॅकेट मी आधीच छापून, लॅमिनेशन करून ठेवलं होतं, शहाणपणा म्हणून. ते आता पुस्तकाला बसेना. हजार जॅकेटं रद्दीत गेली.

२४ डिसेंबरला पुस्तक नव्हतं. नवं जॅकेट तेवढं होतं. कण्याचं माप घेण्यासाठी बाइंडर कोऱ्या पानांची डमी बांधतो. आम्ही ते जॅकेट त्या डमीवर चढवलं, रंगीत कागदात गुंडाळून फीत बांधली आणि व्यासपीठावर नेलं. प्रकाशनांच्या दुनियेत ही युक्ती नवी नाही, जाणकारांना ठाऊक असेल. प्रमुख पाहुण्यांनी फीत सोडली, ग्रंथ उंच धरला, टाळ्या पडल्या, फोटो निघाला आणि पाहुण्यांनी तो सरांच्या हातात दिला.

सरांनी तो उघडला. पाहुणे उघडत नाहीत, पण ज्याच्यावर पुस्तक आहे तो उघडणारच, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्यांनी पुढून दोन पानं उलटली, मग मागून दोन. बंद करून मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. भाषणात त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. खाली उतरताना माझ्यापाशी थांबून एवढंच म्हणाले, ‘‘कविराज, उत्तर आधी लिहिलंत. रीत राहिली.’’ गणिताचे मास्तर.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सर गेले. पुस्तक बांधून आलं त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. पहिली प्रत मी त्यांच्या घरी घेऊन गेलो. त्यांच्या मुलीने ती घेतली, चहा केला आणि आतून ती डमी आणून दाखवली. सरांनी तिच्यात दुधाचा हिशेब लिहिला होता. कोरा कागद वाया घालवायचा नाही, ही त्यांची सवय. २५ डिसेंबरपासून ७ फेब्रुवारीपर्यंत: अर्धा लिटर, अर्धा लिटर, पाहुणे आले त्या दिवशी दीड.

त्यानंतर काही महिने मी भेटेल त्याला सांगत होतो की समितीने लेख दिले नाहीत, समितीने प्रूफं अडवली. ते खरं होतं. पण त्याने माझं समाधान होईना. एक दिवस ती लग्नपत्रिका सापडली आणि मी रोजनिशी शेजारी ठेवून हिशेब मांडला. जूनपासून फेब्रुवारीअखेर झाले नऊ महिने. त्यात माझं, छापखान्याचं आणि बाइंडरचं मिळून प्रत्यक्ष काम होतं सत्तर-पंचाहत्तर दिवसांचं. उरलेला काळ कशाची तरी वाट पाहण्यात गेला. आणि माझ्या आखणीत वाट पाहण्याला एक दिवसही दिलेला नव्हता. तिच्यातली सगळी कामं माझी होती: मी जुळणी करणार, मी छापणार, मी बांधणार. समितीने काय करायचं याचा त्यात एक शब्द नव्हता. त्यांनी लेख ऑगस्टच्या कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मग ते चुकले तरी कशात?

दुसऱ्याच्या कामाच्या आखणीत नेमकी ही फट राहते. आपण आपले दिवस मोजतो, त्याचे मोजत नाही.

आपले तरी आपण बरोबर मोजतो का, हाही प्रश्नच. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या दोषाला नावच देऊन ठेवलं आहे. मराठीत त्याला ‘नियोजनाचा भ्रम’ म्हणता येईल. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं, सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळं वाईटात वाईट घडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात सरासरीने ५५ हून अधिक दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट असं जे आपण कल्पितो, तेही पुरेसं वाईट नसतं! ही मंडळी त्यावर उपाय सांगतात तो साधा आहे: आपल्या हुशारीकडे पाहू नका, याआधी अशा कामाला किती दिवस लागले ते पाहा. माझ्या रोजनिशीत मागच्या सहा स्मरणिकांच्या नोंदी होत्या. जूनमध्ये त्या उघडून पाहिल्या असत्या तरी ‘दिवाळी’ हा शब्द तोंडून निघाला नसता.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुराणातली सर्वांत मोठी आयत कशाविषयी आहे? बहुतेकांना वाटतं, स्वर्ग-नरक किंवा नमाज. ती आहे उधारीच्या व्यवहाराविषयी. दुसऱ्या सूऱ्यातली, सूरह अल्-बकरातली २८२ वी आयत. लहानपणी मी ती अरबीत तोंडपाठ केली होती. अर्थ वाचला तो चाळिशीच्या आसपास, या फजितीनंतर. मुदतीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, ज्याच्यावर देणं आहे त्याने मजकूर सांगावा, दोन साक्षीदार असावेत, व्यवहार लहान म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. रोखीच्या, हातोहात व्यवहाराला तिथे सवलत आहे. शिवाय लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नये असंही सांगितलं आहे. लिहिणारा म्हणून मला ते विशेष आवडलं.

मला थांबवलं ते एका तपशिलाने: ज्याच्यावर देणं आहे त्याने सांगावं. लिहून घेणारा हा नव्हे, देणारा बोलतो, म्हणजे त्याचं देणं त्याच्याच तोंडून कागदावर येतं. माझ्या धंद्यात देणेकरी दोघेही असतात. मी पुस्तक देणं लागतो. समिती मजकूर, निर्णय आणि पैसे देणं लागते. म्हणजे दोघांनीही बोललं पाहिजे, आणि कागदावर दोन रकाने हवेत.

गंमत पाहा, या विषयाला लागणारे किती मराठी शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. मुदत, तारीख, करार, मसुदा, मंजुरी, हप्ता, हिशेब, आणि सगळं फसल्यावर लागतो तो तगादा. ‘नियोजन’ तेवढा संस्कृत. असो.

तेव्हापासून माझी रीत अशी. काम आलं की तारीख देत नाही, चार दिवस मागतो. सुरुवातीला जड गेलं. एक-दोन गिऱ्हाइकं त्या चार दिवसांत दुसरीकडे गेली, त्यातलं एक वर्षभराने परत आलं. चार दिवसांत पहिली गोष्ट लिहितो ती काम म्हणजे काय: आकार, पानं, प्रती, कागद, प्रूफं किती वेळा. आणि त्याच्याखाली काय नाही: छायाचित्रं गोळा करणं नाही, मंत्र्यांचे शुभसंदेश मिळवणं नाही, समारंभस्थळी गठ्ठे पोचवणं नाही. ‘नाही’ची यादी लिहिताना हात अडखळतो, समोरच्याला राग येईल असं वाटतं. पण भांडणं होतात ती बहुतेक न लिहिलेल्या ‘नाही’वरून.

मग उलटं मोजायचं. सरांच्या पुस्तकाचंच मी नंतर २००६ चं कॅलेंडर पुढ्यात घेऊन मोजून पाहिलं. समारंभ २४ डिसेंबर, म्हणजे प्रती १७ ला हव्यात. हजार पुठ्ठा बांधणीला पंधरा दिवस, कारण शिलाई झाल्यावर खळ वाळायला वेळ लागतो आणि तो घाई केल्याने कमी होत नाही. म्हणजे फर्मे २ डिसेंबरला बाइंडरकडे. छपाईला दहा दिवस: २२ नोव्हेंबर. शेवटची नजर आणि प्लेट, चार दिवस: १८. तिसरं प्रूफ, सात दिवस: ११. दुसरं प्रूफ त्यांच्याकडे सात दिवस, दुरुस्ती पाच: ३० ऑक्टोबर. दिवाळी आणि ईद, दहा दिवस काहीच नाही: २० ऑक्टोबर. पहिलं प्रूफ त्यांच्याकडे पंधरा दिवस, दुरुस्ती दहा: २५ सप्टेंबर. जुळणी पंचवीस दिवस: ३१ ऑगस्ट. राखीव अकरा दिवस: २० ऑगस्ट. शेवटचा लेख २० ऑगस्टला यायला हवा होता. जूनमध्ये त्या चौघांपुढे ही एक तारीख ठेवली असती, तर चाळीस लेख दोन महिन्यांत जमत नाहीत हे तिथेच, चहा संपायच्या आत, त्यांच्या लक्षात आलं असतं. वीस लेखांचं पुस्तक झालं असतं. सरांनी ते वाचलं असतं.

उलट्या मोजणीचा आणखी एक फायदा आहे. २० ऑगस्ट ही तारीख मग मी ठरवलेली राहत नाही, समारंभाने ठरवलेली होते. माझ्याशी वाद घालता येतो, कॅलेंडरशी येत नाही.

राखीव दिवस उघड दाखवावेत की लपवावेत, यावर माझे आणि व्यवसायातल्या मित्रांचे मतभेद आहेत. ते म्हणतात, दाखवले की गिऱ्हाईक खाऊन टाकतं. माझं म्हणणं, लपवले तर आपणच खाऊन टाकतो. प्रत्येक पायरीत थोडे थोडे दिवस दडवले की ते कामाच्या नावाखाली आपोआप संपतात. मी ‘राखीव’ असं ठळक लिहितो. आणि ते संपत आले की कळवतो.

दोन रकान्यांत डावीकडे ‘आमच्याकडून’, उजवीकडे ‘तुमच्याकडून’. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि माणसाचं नाव. ‘समिती’ असं लिहायचं नाही, समितीला फोन करता येत नाही. अखेरचा होकार देणारी सही एकाची. अकरा जण खुशाल वाचोत, पण त्यांची मतं एका माणसाकडून, एकाच प्रतीवर, एकाच शाईत यावीत. प्रूफ ठरलेल्या दिवशी परत आलं नाही तर पुढची प्रत्येक तारीख तेवढीच सरकते, हेही खाली लिहिलेलं असतं. पैशांचे हप्ते महिन्यांना बांधायचे नाहीत, टप्प्यांना बांधायचे: सगळा मजकूर आला की एक, छपाईची मंजुरी दिली की दुसरा, प्रती नेताना उरलेला.

आणि बदलांची वही. गिऱ्हाइकाने बदल मागू नये असं मी म्हणत नाही, काम डोळ्यांपुढे आकार घ्यायला लागल्यावरच माणसाला कळतं की आपल्याला काय हवं होतं. कवितेतही तेच होतं. पण ‘करू की’ असं तोंडी म्हणायचं नाही. वहीत लिहायचं: बदल कोणता, दिवस किती वाढतील, रुपये किती वाढतील आणि दुसरं काय हलेल. कणा दोन मिलिमीटरने वाढेल, जॅकेट पुन्हा छापावं लागेल. मग त्यांनी ठरवावं. निम्मे बदल वहीत लिहितानाच मागे घेतले जातात.

हे सगळं लहान धंद्याचं रडगाणं आहे असं कुणी समजू नये. सिडनीचं ऑपेरा हाउस सगळ्यांनी निदान चित्रात पाहिलं असेल. गिऱ्हाईक होतं तिथलं राज्य सरकार. १९५७ साली जोर्न उट्झॉन या डॅनिश वास्तुकाराचं रेखाटन निवडलं गेलं. खर्च ७० लाख डॉलर, पुरं व्हायचं १९६३ साली, असा अंदाज होता. सरकारला घाई होती, म्हणून छप्पर कसं उभं राहणार हे ठरण्याआधीच १९५९ मध्ये पायाचं काम सुरू झालं. पुढे खालचे खांब छपराचं वजन पेलणार नाहीत असं दिसलं आणि ते पुन्हा बांधावे लागले. आतल्या मोठ्या सभागृहाचा उपयोगही मध्येच बदलला. उट्झॉन १९६६ साली राजीनामा देऊन निघून गेले. वास्तू खुली झाली १९७३ साली, खर्च १० कोटी २० लाख. उट्झॉन २००८ पर्यंत हयात होते, पण पुरी झालेली इमारत पाहायला ते कधी परत गेले नाहीत. जगातल्या देखण्या इमारतींपैकी ती एक आहे, यात वाद नाही. पण तिची गोष्ट वाचताना मला सरांच्या मांडीवरची डमी आठवते.

उलटपक्षी उत्तम आखणीही हुकते, हे कोकण रेल्वेने आपल्याला दाखवलं. ई. श्रीधरन यांच्यासारखा तारखांचा पक्का माणूस प्रमुख, सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे. १९९० साली काम हाती घेतलं ते पाच वर्षांत संपवायचं म्हणून. पण गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात अशी मऊ, पाणी धरलेली माती लागली की खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळत राहिलं. सबंध मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला. मला यातून एक शब्द मिळाला. आता कोणतंही काम घेताना मी स्वतःला विचारतो, यातलं पेडणं कुठे आहे? कडक खडक दिसतो, त्याचे दिवस मोजता येतात. मऊ माती आधी दिसत नाही. गौरवग्रंथात ती माणसांच्या रुसव्याफुगव्यांत असते. राखीव दिवस मी तिथे ठेवतो.

या रीतीने केलेलं पहिलं मोठं काम २००९ सालचं, एका पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका. सचिवांनी ‘तुमच्याकडून’चा रकाना वाचला आणि ते भडकले. ‘‘पैसे आम्ही द्यायचे आणि कामाला पण आम्हीच लागायचं?’’ मी म्हणालो, ‘‘साहेब, घरी घेऊन जा, पटलं नाही तर विसार परत.’’ दुसऱ्या दिवशी सही करून आणला. महिन्याभराने मी त्यांच्या कार्यालयात गेलो तर तोच कागद त्यांच्या टेबलावर काचेखाली होता, आणि सचिव एका संचालकाला त्यातल्या तारखेवर बोट ठेवून झापत होते. माझ्याविरुद्ध वाटलेला कागद त्यांना त्यांच्याच लोकांविरुद्ध उपयोगी पडत होता. त्यांनाही कुणीतरी बोट ठेवायला तारीख द्यायला हवी होती.

स्मरणिका तीन दिवस आधी तयार झाली. पण अध्यक्षांचं मनोगत ठरलेल्या दिवशी आलं नाही, आणि ठरल्याप्रमाणे त्या पानावर संस्थेच्या इमारतीचं छायाचित्र छापलं गेलं. अध्यक्ष संतापले. सचिवांनी सहीचा कागद पुढे केला, तरी संताप गेला नाही. संस्थेचं पुढचं काम मला मिळालं नाही. सचिवांनी मात्र मुलीच्या लग्नाच्या पत्रिका माझ्याकडेच केल्या. सांगायचं इतकंच की या रीतीने सगळे खूश होतात असं नाही.

माझा मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचं काम. त्याने एकदा लॅपटॉपवर मला त्यांची आखणी दाखवली: आडव्या रंगीत पट्ट्या, एकीखाली एक, पायऱ्यांसारख्या. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याचं नाव त्या पट्ट्यांना आहे, शंभरावर वर्षं झाली. फार सुंदर दिसत होतं. मी विचारलं, ‘‘यातल्या गिऱ्हाइकाच्या पट्ट्या कुठल्या?’’ तो म्हणाला, ‘‘अब्बा, या सगळ्या आमच्या टीमच्या.’’ म्हटलं, ‘‘मग तुझ्याकडे लग्नपत्रिकेची पाठच आहे, फक्त रंगीत.’’ तो हसला. पुढच्या वेळी घरी आला तेव्हा त्यात करड्या रंगाच्या चार पट्ट्या वाढल्या होत्या. त्या त्याच्या सायबाने काढून टाकायला लावल्या, असं फोनवर सांगत होता. गिऱ्हाइकाला बरं दिसत नाही म्हणून. आता त्या पट्ट्या तो स्वतःपुरत्या ठेवतो.

एक सवय मात्र माझी सरांमुळे लागली. काम ठरलं की मी पहिल्याच आठवड्यात कोऱ्या पानांची डमी बांधून घेतो, तेवढ्याच पानांची, त्याच कागदाची. प्रत्येक पानावर पेन्सिलीने लिहितो: इथे हा लेख, इथे हे छायाचित्र, कुणाकडून, कोणत्या तारखेला. ती गिऱ्हाइकाच्या हातात देतो. कोरी पानं आधीच, त्याच्या स्वतःच्या घरात, त्याला दिसलेली बरी.

गेल्या आठवड्यात एका शाळेचं काम आलं. शताब्दी वर्ष आहे, दोनशे पानं. डमी बांधायला टाकली आहे. मुख्याध्यापिका बाईंनी दोन रकान्यांचा कागद वाचला, तीन ठिकाणी तारखा बदलून मागितल्या, दोन मी दिल्या. सोमवारी सही करून पाठवते म्हणाल्या. मी वहीत ‘सोमवार’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातलं आहे.